बकुळीचं अडलेलं फूल

एका राज्यात देवाला प्रश्न विचारायची एक रीत होती. ते राज्य कुठं होतं ते मला विचारू नका. डोंगर होता तिथं डोंगर होता, नदी होती तिथं नदी होती, एवढंच मी ऐकलंय.

देव डोंगरावर होता. काळाभोर पाषाण. नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. ज्याला काही विचारायचं असेल त्यानं पहाटे अंघोळ करावी आणि देवळामागच्या बकुळीखाली जावं. फूल तोडायचं नाही. आपोआप गळून खाली आलेलं एकच फूल वेचायचं, पाण्यात भिजवायचं आणि धाकू गुरवाच्या हाती द्यायचं. गुरव ते देवाच्या छातीवर चिकटवी. मग मनातल्या मनात विचारायचं आणि समोर बसायचं. फूल उजवीकडे पडलं तर देव हो म्हणाला, डावीकडे पडलं तर नको म्हणाला. याला कौल म्हणत. कुणाचं फूल लगेच पडे, कुणाचं उन्हं उतरली तरी जागचं हलत नसे. पण फुलाला कुणी हात लावत नसे.

त्या राज्याचा राजा धीरसेन. नाव धीरसेन, पण धीर नावापुरताच. जेवायला बसला की वाढप्याच्या हातून पळी ओढून घ्यायचा. आमचा राजा घोडा निघायच्या आधीच पोचतो, असं लोक हसून म्हणत. तसा माणूस वाईट नव्हता. एकुलती एक लेक शेवंती, तिच्यावर त्याचा भारी जीव. लेकीचं लग्न झालं, जावई सरहद्द राखायला गेला की महिनोन्महिने तिकडेच, आणि बरीच वर्षं गेली तरी पाळणा काही हलला नाही.

एके दिवशी शेवंतीनं कौल लावला. सकाळपासून उपाशी बसली. दुपारी राजा डोंगर चढून आला. डोक्यावर राजपागोटं तसंच होतं. पागोटं देवापुढेसुद्धा उतरवायचं नाही, अशी त्या राजघराण्याची पद्धत. धाकू गुरव दर वेळी त्या पागोट्याकडे बघे आणि गप्प राही.

"धाकू, काय झालं?"

"बसल्यात, महाराज."

"आणि फूल?"

"तेही बसलंय."

राजाला लेकीचा सुकलेला चेहरा बघवेना. त्याच्या कमरेला एक डबी होती. तळ्यापलीकडच्या कांतार नावाच्या मांत्रिकानं ती भेट दिली होती. डबीत सोन्याचं बकुळीचं फूल होतं. ते कधीही लावा, उजवीकडेच पडायचं.

"आबा, थांबा," शेवंती म्हणाली.

पण तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत राजानं नखानं खरं फूल खरवडून काढलं, मागच्या मागे खांद्यावरून भिरकावलं आणि सोन्याचं फूल लावलं. टण्! पडलं उजवीकडे. राजानं ते उचलून परत डबीत टाकलं. बाहेर नगारे वाजले, पेढे वाटले. शेवंती उठली, पदर सावरला आणि बापाकडे एकदा बघितलं.

मग जावई घरी येऊन गेला, आणि खरंच शेवंतीला दिवस गेले! राजाची छाती फुगली. पण त्याच सुमाराला राज्यात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. आधी कुणाच्या ध्यानात आली नाही. पिकलेलं सुटेना.

आंबा पिकला, पिवळा झाला, केशरी झाला, पण देठ सोडीना. ओढून तोडावा तर आत कडूजहर. दाणा कणसाला धरून बसला, मळणीचे बैल फिरून फिरून दमले. सापाची कात अर्धी निघाली आणि तशीच मागं फरफटत राहिली. पोरांचे दुधाचे दात हलायचे, पडायचे नाहीत. ढग भरून आले, डोंगरावर टेकले आणि म्हशींसारखे बसून राहिले. एकाच्या घरी तर आलेले पाहुणेही हलेनात, पण ते याच कारणानं की दुसऱ्या कुठल्या, ते मला सांगता येणार नाही. पहिले काही दिवस झाडूवाले खूश होते, अंगणात पान पडत नव्हतं. मग जुना दाणा संपत आला आणि कुणीच खूश राहिलं नाही.

राजा पार गोंधळून गेला. कुणाला विचारावं तेच कळेना. आणखी एक गोष्ट त्याला छळत होती. जाईल तिथं त्याला बकुळीचा वास यायचा. दरबारात, घोड्यावर, बंद खोलीत. मागं वळून बघावं तर कुणी नाही.

शेवंतीचे महिने भरले. भरून वर दिवस गेले. कळ येईना.

"आबा, बाळ आत हलतंय," ती म्हणाली. "यायची वाटच सापडत नाही जणू त्याला."

गुरवाची बायको येसू ही त्या मुलखातली सुईण. तिनं राजाला बाजूला नेलं.

"महाराज, रागावू नका. फळ देठावर फार दिवस राहिलं की काय होतं, ते तुम्ही झाडावर बघताच आहात."

राजानं बघितलं होतं. झाडावरचे आंबे आता काळे पडू लागले होते.

मग राजानं करायचं ते सगळं केलं. होम केले, नवस बोलला, देवाला सोन्याचं छत्र चढवलं. देव गप्प. कौल लावावा, तर बकुळीचं फूल गळतच नव्हतं. झाड फुलांनी गच्च भरलं होतं आणि खालची जमीन कोरडी.

"धाकू, देव माझ्यावर कोपला का?"

"मला नाही कळत, महाराज. मी झाडतो, पाणी घालतो. खालच्या रानात बेहड्याच्या ढोलीत पिल्लं घेऊन एक धनेशीण बसलीय. तिला विचारा. वाट बघण्यातलं तिला कळतं."

राजा एकटाच रानात गेला. बेहड्याच्या खोडात उंचावर एक ढोली होती. धनेशिणीनं ढोलीचं तोंड आतून चिखलानं लिंपून घेतलं होतं. एक फट तेवढी ठेवली होती, त्यातून चोचीचं टोक दिसत होतं. नर उडत आला, फटीतून उंबर भरवलं आणि गेला.

"कोण रे खाली?" चोच बोलली.

"मी राजा धीरसेन."

"अगंबाई! राजा, आणि पायी? तुझ्या दारी पहारेकरी असतील ना? माझ्या दाराला मीच चिखल लावलाय. पिल्लांना पंख फुटले की भिंत फुटायची. पंख फुटले, भिंत फुटेना. आत किती गर्दी झालीय म्हणून सांगू! हे तुझ्यामुळे, ठाऊक आहे ना?"

"माझ्यामुळे? मी काय केलं?"

"लेकीनं विचारलं होतं, देव उत्तर देत होता. फूल अर्धं सुटलं होतं. तू ते नखानं काढलंस. ते अर्ध्यावर राहिलं, म्हणून सगळंच अर्ध्यावर राहिलं."

राजा खालीच बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "मग उपाय सांग."

"तीन कामं आहेत. सोन्याचं फूल ज्याचं त्याला परत दे, बदल्यात काही घेऊ नकोस. खरवडलेलं फूल शोधून काढ. ते होतं तिथं ठेव आणि बस."

"बस म्हणजे?"

"बस म्हणजे बस."

"किती वेळ?"

धनेशीण इतकी हसली की ढोलीतली पिल्लंही चिवचिवली.

"मग देव हो म्हणेल?" राजानं विचारलं.

"ते मला काय ठाऊक? मी पक्षी. आणि हो, तुझ्या अंगाला बकुळीचा वास फार सुंदर येतोय हं."

राजाला यातलं निम्मंही उमगलं नाही, पण तो निघाला. तळ्याला वळसा घालून कांतारच्या गढीत गेला. गढीच्या भिंतीला काळे पाषाण, आणि पाषाणापाषाणावर सोन्याची फुलं. मांत्रिक मध्ये बसला होता. म्हातारा, डोळे खोल गेलेले.

"मी जगात सर्वांत शहाणा ना?" त्यानं भिंतीला विचारलं.

टण् टण् टण् टण्! सगळी फुलं उजवीकडे पडली.

"ऐकलंस, राजा? तरुणपणापासून हेच ऐकतोय. भाकरी नीट झाली का विचारलं तरी उजवा. काल करपलेलीच खाल्ली."

राजानं डबी पुढे ठेवली. "हे तुमचं तुम्हाला."

"का? लेकीला दिवस गेले ना?"

"तुमच्या फुलामुळेच ना?"

"छे! माझ्या फुलाला पडता येतं, देता येत नाही. दिलं ते ज्याचं त्यानं."

राजाच्या डोक्यात भिंगरी फिरली. देव ओंजळीत घालत होता, आणि आपण त्याच्याच हातून तेच हिसकावत होतो? मग थांबलो असतो तरी मिळालंच असतं? की मिळालं नसतं? त्याला काही सुधरेना.

मांत्रिक हळूच म्हणाला, "असं कर, फूल ठेव. विचार त्याला, मूल आज येईल का? उजवा पडेल. ऐकून तुला बरं वाटेल."

"आणि मूल येईल?"

"ते मला ठाऊक नाही. पण बरं वाटेल."

खरं सांगायचं तर राजाचा हात डबीकडे गेला. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला होता आणि कुणाच्या तरी तोंडून एकदा हो ऐकायला तो तरसला होता. हात डबीवर टेकला, तिथंच थांबला आणि मग मागं आला.

"बरं वाटून काय करू?" राजा म्हणाला, आणि रिकाम्या कमरेनं गढीबाहेर पडला. पहिलं काम झालं.

दुसरं काम मात्र होईना. राजानं देऊळ झाडून घेतलं, केर चाळून घेतला, पायऱ्यांच्या फटी काडीनं कोरल्या. मग सगळ्यांना बाहेर काढून स्वतः गुडघ्यांवर रांगत शोधू लागला. बकुळीचा वास दरवळत होता. राजा पुढे गेला की वास मागं. मागं वळला की पुन्हा मागंच. स्वतःच्या शेपटीमागं फिरणाऱ्या कुत्र्यासारखा राजा गाभाऱ्यात गरगरला आणि शेवटी खांबाला धरून उभा राहिला.

"धाकू, पडलं असेल तरी कुठं ते?"

"पडलं कसं असेल, महाराज? त्या दिवसापासून इथं काही पडलेलंच नाही."

"मग गेलं कुठं?"

"ते मला नाही कळत."

राजा देवापुढे आला. डोकं गरम झालं होतं, पागोट्याचा भार सोसवत नव्हता. त्यानं घराण्याची पद्धत आठवली नाही, कुणी बघतंय का तेही बघितलं नाही. दोन्ही हातांनी पागोटं उतरवून बाजूला ठेवलं आणि उघडं डोकं दगडाला टेकवलं.

"हरलो रे," तो म्हणाला.

"महाराज," धाकू मागून म्हणाला, "हलू नका."

पागोट्याच्या मागच्या घडीत, जिथं आरशात दिसत नाही आणि जिथं बघायची कुणा चाकराची छाती नाही, तिथं बकुळीचं एक सुकलेलं फूल अडकलं होतं. राजानं ज्या दिवशी मागं भिरकावलं, त्या दिवसापासून ते त्याच्याच डोक्यावर होतं. सुकलं होतं, पण वास तसाच होता. बकुळीचा वास जात नाही.

राजा फुलाकडे बघत राहिला. आधी त्याला हसू आलं, मग रडू आलं. पण आसवं डोळ्यांतच थांबली. तीही सुटत नव्हती.

शेवंतीला पालखीतून आणलं. ती हळूहळू चालत, येसूच्या खांद्याचा आधार घेत, देवापुढे येऊन बसली. धाकूनं फूल पाण्यात भिजवलं आणि होतं तिथं, देवाच्या छातीवर चिकटवलं. राजाचं पागोटं देवाच्या पायथ्याशी उलटं पडलं होतं. ते उचलायचं कुणालाच सुचलं नाही.

"आता विचार, बाळ," राजा म्हणाला.

"विचारलंय की, आबा. देव काही बहिरा नाही. पुन्हा कशाला?"

"मग मी काय करू?"

"बसा."

राजा बसला. आयुष्यात पहिल्यांदाच बसला म्हणा ना. दिवस उतरला, दुसरा उगवला. धाकू झाडत होता, समईत तेल घालत होता, मागच्या गोठ्यात गाभण गाईला चारा टाकत होता. तीही दिवस उलटून गेलेली, बिचारी. फूल होतं तिथंच होतं.

राजानं आधी देवाला समजावून सांगितलं, उजवं कुठलं आणि डावं कुठलं. मग वचनं दिली. मग मनातून भांडला. मग भांडल्याबद्दल माफी मागितली. देव ऐकतोय की नाही? ऐकून गप्प आहे? की बोलतोय, आणि मलाच ऐकू येत नाही? काही म्हणता काही कळेना.

"शेवंती, तुला कळतं का काही?"

"नाही, आबा."

"मग इतकी निवांत कशी तू?"

"निवांत कुठली? छाती धडधडतेय. पण फूल माझ्या हातात नाही, एवढं कळतं."

एकदा फूल किंचित लवलं. राजाचा हात आपसूक पुढे गेला. नख फुलाजवळ पोचलं, तेव्हा त्याचं त्यालाच दिसलं. त्यानं हात मागं ओढला आणि आपल्याच मांडीखाली दाबून धरला. मुंग्या आल्या, तरी काढला नाही.

शेवटी त्याच्याजवळचं सगळं बोलणं संपलं. तो पुटपुटला, "देवा, डावा दिलास तरी चालेल, असं मला म्हणवत नाही. उजवाच दे, असंही आता म्हणवत नाही. काय म्हणावं तेच समजत नाही. मी नुसता बसलोय."

या बोलण्यानं फूल पडलं, असं मी सांगणार नाही. त्यानंतरही ते कितीतरी वेळ तिथंच होतं.

मग दुपारी गोठ्यातली गाय हंबरली. धाकूनं तिकडे मान वळवली. त्याच वेळी शेवंतीनं बापाचं मनगट घट्ट धरलं.

"आबा, कळ आली!"

राजानं तिच्याकडे बघितलं. आणि मग देवाकडे बघितलं, तेव्हा पाषाणाची छाती मोकळी होती.

बाहेर धपकन् एक आंबा पडला. मग दुसरा. मग सगळ्या राईत धपाधप सुरू झालं. साप कातीतून निघून सळसळत गेला. देवळाच्या पायरीवर एक पोर हातातला दात बघून भोकाड पसरून रडलं. ढगांनी अंग सैल सोडलं. बकुळीनं एवढी फुलं टाकली की वाट दिसेना. आणि राजाच्या डोळ्यांतलं अडलेलं पाणी खळकन् गालांवर आलं.

शेवंतीला देवळामागच्या गुरवाच्या घरात नेलं. राजा दाराबाहेर पावसात उभा राहिला. येसूनं आतून हाक मारली, "अहो, कुणीतरी मऊ कापड द्या! काहीही चालेल!"

राजा धावला. देवाच्या पायथ्याचं पागोटं उचललं, भराभरा उलगडलं आणि ती लांबच लांब मलमल दाराआडून आत दिली. येसूनं ती झटकली. घडीतून बकुळीचं तेच सुकलेलं, भिजलेलं फूल निसटलं आणि गिरक्या घेत जमिनीवर पडलं. राजानं ते पडताना बघितलं. किती हळू पडतं फूल! आजवर त्यानं ते कधी बघितलंच नव्हतं.

आतून बाळाचा टाहो ऐकू आला.

"नात झाली, महाराज," येसू म्हणाली. "आई ठीक आहे. नात भारी रागीट आहे, एवढं थांबवलंत म्हणून."

राजा ओला चिंब होऊन ओसरीवर बसला. धाकू गोठ्यातून आला, हाताला नव्या वासराची ओल होती.

"धाकू, कौल उजवा होता की डावा?"

"मी गाईकडे बघत होतो, महाराज."

"मी लेकीकडे बघत होतो."



"म्हणजे देव काय म्हणाला, ते कळलंच नाही," राजा म्हणाला.

"नाही कळलं," धाकू म्हणाला. "पेज टाकू का चुलीवर? तुम्ही काल सकाळपासून जेवला नाहीत."

"टाक. घाई नाही," राजा म्हणाला, आणि स्वतःच्या बोलण्याचं त्यालाच नवल वाटलं.

तिकडे रानात धनेशिणीची भिंत फुटली. ती बाहेर आली ती पिसं झडलेली, अवघडलेली, पण पिल्लांना घेऊन. तळ्यापलीकडे कांतारनं भाकरी नीट झाली का म्हणून विचारलं, आणि एक फूल डावीकडे पडलं. म्हातारा आनंदानं उडाला, करपलेली भाकरी तळ्यात फेकली आणि दुसरी थापायला बसला.

मळण्या झाल्या, दाणा घरी आला, पाहुणेही आपापल्या गावी गेले. त्या दिवसापासून त्या राज्यातले राजे पागोटं पहिल्या पायरीवर ठेवून देवळात जातात. आणि धीरसेन राजा नातीला मांडीवर घेऊन बकुळीखाली बसायचा, फूल आपणहून खाली येईपर्यंत. ती हात पुढे करू लागली की म्हणायचा, "थांब गं बाय, येतंय."

देवाचं उत्तर देवापाशी, फूल मातीपाशी, बाळ आईपाशी, आणि माझी गोष्ट आता तुमच्यापाशी.